दारावरची खळ

चित्रातलं आमचं दार निळं आहे. खरं दारही निळंच होतं, पण त्याच्याकडे कधी कुणी मान वर करून बघितलं नाही. चित्रातल्या निळ्या दारापुढे मात्र लोक हात मागे बांधून उभे राहतात.

एकूण अकरा दारं आहेत, सगळी एका ओळीत. प्लायवूडच्या दोन फळ्या जोडून केलेलं हे चित्र इतकं लांब आहे की त्यावर माणूस आडवा झोपला तरी जागा उरेल. ते नुसतं रंगानं काढलेलं नाही. भिंतींना खरा चुना आहे. शिंप्याच्या दुकानाचा पडदा खऱ्या चिंध्यांचा आहे. बांगड्यांच्या दुकानापुढे खऱ्या बांगड्यांच्या काचा आहेत आणि रस्त्यावरची धूळ म्हणून तुरीची टरफलं चिकटवली आहेत. आता ते बेंगळूरला एका मोठ्या इमारतीच्या जिन्यापाशी टांगलेलं असतं. मी तिथं ते एकदाच पाहिलं. माझ्या शेजारी एक गृहस्थ आपल्या बायकोला समजावून सांगत होते, "बघ, दारांच्या रंगाखालून अक्षरं दिसतात. म्हणजे जुन्या गल्लीचा आत्मा."

मी म्हटलं, "आत्मा नाही हो. नोटीस आहे ती."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बायकोला हाताला धरून पुढच्या चित्राकडे नेलं. वेडी बाई समजले असतील. समजोत. त्या अकरा दारांत तिसरं दार आमचं. ते ज्या कागदाचं केलंय त्या कागदावर माझ्या वडिलांचं नाव आहे, आणि तो कागद त्यांच्या हातात कधी पडला नाही. पडू दिला नाही. ज्यानं पडू दिला नाही तो आमच्याच ताटात जेवून मोठा झालेला होता.

ही गल्ली गुलबर्ग्यातली. एका टोकाला डाळ मिल, दुसऱ्या टोकाला बाजार. मैसूर राज्याचं कर्नाटक होऊन चार-पाच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. माझे वडील, म्हणजे अप्पा, अर्जनवीस होते. घरापुढच्या पत्र्याखालच्या कट्ट्यावर उतरतं डेस्क घेऊन बसायचे आणि लोकांचे अर्ज लिहायचे. निजामाच्या काळात त्यांनी उर्दूत लिहिले. मग राज्य बदललं, कचेरीची भाषा बदलली, तेव्हा चाळिशी ओलांडलेला हा माणूस शेजारच्या पोरांच्या पाटीवर कानडी गिरवायला बसला. आई चेष्टा करायची, "आता शाळेत नाव घालू का तुमचं?" अप्पा म्हणायचे, "घाल. पण मास्तर चांगला बघ." वर्षभरात ते कानडीत अर्ज लिहू लागले. त्यांचं अक्षर मात्र कानडीत शेवटपर्यंत उर्दूसारखं धावतं राहिलं, म्हणून स्वच्छ प्रत काढायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा प्राथमिक शाळेत शिकवत होते. संध्याकाळी शाळेतून आले की अप्पा मजकूर सांगायचे आणि मी उतरवायची.

अप्पांची एक सवय सगळ्या गल्लीला ठाऊक होती. कुणीही कसलाही सरकारी कागद आणला की ते आधी तारीख बघायचे. माणूस रडत असला तरी आधी तारीख. "काय लिहिलंय ते मागनं बघू. दिवस किती उरलेत ते आधी बघू द्या," असं म्हणायचे. दिवस उरले असतील तर त्यांचा चेहरा लगेच उजळायचा. अर्ज मंजूर होवो न होवो, मुदतीत गेला पाहिजे, एवढाच त्यांचा धर्म होता. त्यांनी लिहिलेला एकही अर्ज मुदत टळून गेला नाही, आणि त्यात खोटा शब्द नव्हता. "खोटं लिहायचं असेल तर बाजारात दुसरे आहेत," असं ते पक्षकाराला तोंडावर सांगायचे.

अण्णा माझा मावसभाऊ. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मावशी लवकर गेली, तेव्हा आमचं शेत असलेल्या दुबलगुंडी गावाहून आई त्याला घेऊन आली ते कायमचंच. त्याचं अक्षर अप्पांनी वळवलं, आणि चित्रकलेकडे जातो म्हणाला तेव्हा सगळ्या भावकीशी भांडून पाठवलंही अप्पांनीच. शिकून आला आणि एका शाळेत चित्रकलेचा मास्तर झाला. आमच्याच माडीवर राहायचा. गल्लीत तो आमच्या घरचा मुलगा म्हणूनच ओळखला जायचा आणि मला तर सख्खा भाऊ नव्हताच. राखी त्यालाच.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला त्यानं गल्लीचं चित्र करायला घेतलं. म्हणाला, "नुसत्या रंगानं न्हाई करायचं. गल्लीतल्या वस्तूंनीच गल्ली करायची." आणि वस्तू गोळा करायचं काम त्यानं माझ्या गळ्यात घातलं. कारण त्याला मागता येत नव्हतं. मला येत होतं. मी दारोदार फिरले. शेजारच्या शिंपीचाचांनी पिशवीभर चिंध्या दिल्या. "ले जाव बेटी. हमारे चिंदियां भी फोटू में जातीं क्या?" म्हणून हसले. कासारीण अक्का काही देईना. तिला वाटलं, फुटक्या काचा घराबाहेर दिल्या तर अवदसा येते. मी म्हटलं, "अक्का, आमचा अण्णा करायलाय. तुझं दुकान चित्रात येणार. मी हाय ना." त्या "मी हाय ना" वर तिनं टोपलीभर काचा दिल्या. असं मी घरोघर म्हणत गेले. ज्याच्या त्याच्या दारात मी त्याच्यासाठी जामीन राहिले.

चित्र भराभर होत गेलं, पण दारांपाशी अडलं. फळीवर भिंती उभ्या राहिल्या, पडदा आला, काचा आल्या, आणि दारांच्या जागी अकरा भोकं. अण्णानं लाकडाच्या चिपा लावून पाहिल्या, गोणपाट लावून पाहिलं, काढून टाकलं. जेवताना पानात बघत बसायचा. आई म्हणायची, "जेव की रे, दारं काय पळून जायलीत?" तो म्हणायचा, "मावशी, दारं जमंना झालीत."

मग येळवस आली.

आमच्याकडची येळवस बाहेरच्या माणसाला सांगून कळायची नाही. मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळा मुलूख शेतात जातो. कडब्याची कोपी, म्हणजे झोपडी, करायची, आत पाच दगडांची पूजा मांडायची, डाळी-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, शेंगदाण्याची पोळी, आंबिलीचं मडकं. ज्याला शेत नाही त्यालाही कुणी ना कुणी बोलावून नेतंच. शिंपीचाचा दर वर्षी आमच्याबरोबर दुबलगुंडीला यायचे आणि आंबील आमच्यापेक्षा जास्त प्यायचे. त्या दिवशी शहरात चिटपाखरू नसतं. दुकानं बंद, घरं बंद, गल्लीत कुत्रीसुद्धा कंटाळून झोपतात. आमच्या गल्लीची रीत अशी, की कुणी एक जण मागे राहायचा आणि सगळ्यांनी किल्ल्या त्याच्याकडे द्यायच्या. चाचांच्या शेळीला पाला, अक्काच्या कोंबड्यांना दाणे, कुणाच्या तुळशीला पाणी, हे त्यानं बघायचं.

त्या वर्षी अण्णा स्वतःहून म्हणाला, "मी राहतो. मला रिकामी गल्ली बघायची हाय." अकरा घरांच्या किल्ल्या त्यानं सुतळीत ओवून कमरेला लावल्या. निघताना अप्पा हसून म्हणाले, "गल्ली तुझ्यावर सोडून चाललो बाबा."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही परत आलो. मी दार ढकलायला पुढे झाले तर दारावर चौकोनात चार ठिकाणी खळ लागलेली. कणकेची जाड खळ, अजून पुरती वाळली नव्हती. एका ठिकाणी कागदाचा एक बारीक तुकडा चिकटून राहिलेला. मी माडीकडे बघून ओरडले, "अण्णा, दारावर काय लावलेलं?" त्यानं खिडकीतनं डोकं काढलं. "शेळीला पाला आणायला गेलतो तेवढ्यात सिनेमाचं पोस्टर डकवून गेले कुणीतरी. काढलं मी."

"बरं केलंस," मी म्हटलं. आईला दार घाण झालेलं खपायचं नाही, म्हणून बादली आणली आणि काथ्यानं घासून खळ धुऊन काढली. कागदाचा तुकडाही निघून गेला. दार चकचकीत झालं. इतर घरांच्या दारांवरही खळ होती का? असणारच. पण अमावस्येनंतरच्या दिवशी प्रत्येक जण आपापल्या पाटीतलं उरलेलं अन्न वाटण्यात गुंतलेला असतो. दाराकडे कोण बघतंय.

त्यानंतर अण्णानं माडीवरच्या फळीवर चादर टाकली. पुरं होईपर्यंत कुणी बघायचं नाही म्हणाला. जेवणाला बसला की गुणगुणायचा. आई म्हणाली, "जमली वाटतं दारं." तो म्हणाला, "व्हय, मावशी. जमली." आम्हाला सगळ्यांना आनंद झाला होता, हे आता आठवलं की मला स्वतःचीच चीड येते.

दीड महिन्यानं कचेरीची माणसं आली. डांबराचा डबा, कुंचला आणि लांब टेप. त्यांनी आमच्या बाजूच्या घरांवर, कट्ट्याच्या कडेपासून सहा फूट आत, काळे पट्टे मारायला सुरुवात केली. रस्ता रुंद होणार होता. समोरची बाजू तशीच राहणार, आमची बाजू मागे सरणार. आमच्या घराचा कट्टा, पत्रा, डेस्क ठेवायची जागा, सगळं पट्ट्याच्या बाहेर गेलं.

अप्पा डेस्कावरून उठले आणि अगदी शांतपणे विचारलं, "नोटीस?"

"लावली होती," त्यातला एक जण म्हणाला. "हरकत घ्यायला तीस दिवस होते. एकाचीही हरकत आली नाही."

गल्ली जमली. कुणाला नोटीस मिळाली? कुणालाच नाही. अप्पांनी घरात येऊन आम्हाला एकेकाला विचारलं. आईला विचारलं, मला विचारलं, अण्णाला विचारलं. आई नाही म्हणाली. मी म्हटलं, "न्हाई अप्पा, मी काहीच बघितलं न्हाई." खरंच सांगत होते. खळ मला आठवलीसुद्धा नाही. ते पोस्टर होतं ना. अण्णा म्हणाला, "मला काय ठाऊक, काका." आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला.

दुसऱ्या दिवशी अप्पा गल्लीतल्या सगळ्यांना घेऊन कचेरीत गेले. मीही होते. साहेब तरुण होता, मैसूरकडून नवीनच बदलून आलेला. उर्मट नव्हता. त्यानं रजिस्टर काढून दाखवलं. अमुक तारखेला घरं बंद आढळली, सबब नोटीस दारावर चिकटवली. त्यानं प्रामाणिकपणे विचारलं, "त्या दिवशी तुमची सगळीच घरं बंद कशी होती?" त्याला येळवस माहीत नव्हती. मैसूरच्या माणसाला कुठून माहीत असणार?

अप्पांनी तारीख बघितली. मग म्हणाले, "साहेब, मी तीस वर्षं कागदांत घालवली. माझ्या दारावर कागद लागला आणि मला दिसला नाही, असं होणार नाही. नोटीस लागलीच नाही. हे रजिस्टर घरी बसून भरलंय."

साहेबाचा चेहरा पडला. "तुम्ही मला खोटारडा म्हणताय?"

"व्हय," अप्पा म्हणाले. "शपथेवर लिहून देतो."

आणि दिलं. मीच स्वच्छ प्रत काढली. नोटीस चिकटवली नाही, असं देवाला स्मरून लिहिलं. अप्पांनी आयुष्यात कुणा अधिकाऱ्याला खोटा म्हटल्याचं मला आठवत नाही. ते म्हणायचे, अधिकारी चुकीचा असतो, खोटा ठरवायला पुरावा लागतो. त्या दिवशी त्यांच्याकडे पुरावा होता. त्यांच्या घरच्या माणसांचा शब्द.

अर्ज फेटाळला गेला. मुदत टळली होती. मार्चमध्ये कट्टे पाडले. चाचांनी मशीन आतल्या खोलीत नेली, तिथं उजेड नव्हता. अक्काचं दुकान म्हणजे तिचा कट्टाच होता, ती टोपली डोक्यावर घेऊन फिरू लागली. अप्पांनी डेस्क न्यायालयासमोरच्या लिंबाखाली नेलं. पण तिथं अर्जनवीस दहा. घरी येताना ते रोज त्या कापलेल्या भिंतीपाशी थांबायचे. कट्ट्याबद्दल ते फार बोलले नाहीत. एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलायचे, "कट्टा जाऊ दे. रस्ता अर्जानं थांबत न्हाई, मला का ठाऊक न्हाई? पण मला अर्ज करू दिला न्हाई त्यांनी."

मे महिन्यात एका शाळेच्या हॉलमध्ये अण्णाच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. बाहेरगावचे जाणकार आले होते. मी पहिल्याच दिवशी गेले, एकटी. सकाळचं ऊन खिडकीतनं तिरपं येत होतं आणि नेमकं गल्लीच्या चित्रावर पडलं होतं.

काय सुंदर झालं होतं ते चित्र! हे मला कबूल करावंच लागतं. पाडलेली गल्ली पुन्हा उभी होती. चाचांचा पडदा, अक्काच्या काचा, आमचा पत्रा. मला भरून आलं. मी आमच्या दारापाशी गेले. ते हातभर उंचीचं, निळीच्या पातळ हातानं रंगवलेलं होतं. तिरप्या उन्हात त्या निळ्याखाली ओळी दिसल्या. कानडी अक्षरं, सायक्लोस्टाइल केलेली. मधल्या रिकाम्या जागी जांभळ्या पेन्सिलीनं हातानं भरलेलं नाव.

नाव अप्पांचं होतं.

मी शेजारचं दार बघितलं. चाचांचं नाव. पुढचं बघितलं. अकराच्या अकरा दारं म्हणजे अकरा नोटिसा. कुणाला गेरूचा हात, कुणाला हिरवा, आमची निळी. कोपऱ्यांना वाळलेली खळ तशीच ठेवलेली, तिचे पापुद्रे जुन्या रंगासारखे दिसत होते. आमच्या नोटिशीचा एक कोपरा फाटका होता. त्या कोपऱ्याचा तुकडा मी काथ्यानं घासून काढला होता.

केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. पायाखालची जमीन वगैरे काही सरकली नाही. उलट मला सगळं फार स्वच्छ दिसत होतं. बादली, काथ्या, खिडकीतनं बाहेर आलेलं त्याचं डोकं.

अण्णा माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. मी वळून विचारलं, "तू वाचली होतीस?"

त्यानं फळीची कड हातानं पुसली.

"तुला कानडी येतं. तू वाचली होतीस का न्हाई?"

"वाचली," तो म्हणाला. "चार-सहा दिवसांत सांगणार होतो. देवाशपथ. पण सांगितलं असतं तर गल्लीत गोंधळ झाला असता. प्रत्येकानं आपली नोटीस परत मागितली असती. तसला कागद बाजारात मिळत न्हाई गं. हातानं भरलेली नावं, ती शाई, आणि खळ ओली होती म्हणून अख्खा निघून आला. मला वाटलं, आधी दारं होऊ देत."

"आणि मुदत?"

"अर्जानं रस्ता थांबला असता का? काकाच म्हणतात, थांबत न्हाई."

त्यानं अप्पांचंच वाक्य अप्पांवर उलटवलं, ह्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. "मग आम्ही कुठं जायचं?" मी विचारलं. त्यानं चित्राकडे हात केला. "इथं हाव की सगळी. गल्ली तशी बी गेलीच असती. इथं तरी राहिली."

त्या वेळी त्याच्या थोबाडीत मारायला हवी होती. मारली नाही. आजूबाजूला लोक होते, आणि लहानपणापासूनची सवय, मोठ्या भावावर हात उचलायचा नसतो. कुंपणानंच शेत खाल्लं, आणि मी कुंपणाची अब्रू सांभाळत घरी आले.

घरी कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, अप्पांना कळू नये. त्यांनी आयुष्यभराचा शब्द पणाला लावून शपथ घेतली, ती खोटी निघाली हे त्यांना कशाला कळायला हवं? साहेबाला खोटा समजत ते सुखानं राहतील. पण गल्ली गप्प बसणार होती थोडीच. चाचा, अक्का, सगळे आपापल्या चिंध्या आणि काचा बघायला निघाले, आणि अप्पांना बरोबर घेतलं. मी म्हटलं, "अप्पा, उन्हाचं कामून जाता?" ते म्हणाले, "पोरानं आपला कट्टा काढलाय म्हणतात. बघून येऊ की."

हॉलमध्ये चाचा आपल्या पडद्यापुढे उभे राहून सगळ्यांना सांगत होते, "ये हमारे चिंदियां हैं." अक्का काचा बोटानं चाचपत होती. अण्णा खिडकीपाशी उभा होता. अप्पा चित्राच्या एका टोकापासून चालत आले आणि निळ्या दारापुढे थांबले. चष्मा वर केला, डोळे अगदी दाराला लावले. त्यांची मान वरच्या उजव्या कोपऱ्याकडे गेली, जिथं सरकारी कागदावर तारीख असते. तारखेवर ते थांबले. मग नावावर आले. मग पुन्हा तारखेवर गेले.

त्यांनी शेजारची दारंही एकेक करून बघितली. शेवटच्या दारापाशी पोचल्यावर ते अण्णाजवळ गेले. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "किल्ल्या तुझ्याकडं होत्या ना?" अण्णाचा हात कमरेकडे गेला. अप्पा परत आले आणि मला म्हणाले, "चल."

वाटेत ते माझ्या दोन पावलं पुढे चालत होते. मला राहवेना. वाटलं, निदान मी तरी त्यांच्या बाजूची आहे हे त्यांना कळू दे. मी सगळं सांगितलं. येळवसीचा दुसरा दिवस, खळ, पोस्टर, बादली, काथ्या. "अप्पा, मला बी फसवलं त्यानं," मी म्हटलं.

अप्पा रस्त्याच्या मधोमध थांबले. नव्या, रुंद झालेल्या रस्त्याच्या. "खळ बघितलीस तू?"

"व्हय. पण तो म्हणाला, पोस्टर..."

"कागदाचा तुकडा होता?"

"होता."

"कामून विचारलं न्हाईस मला? अर्जनविसाची लेक तू. दारावरचा कागद कसला ते बापाला विचारायचं सोडून दार धुतलंस?"

मी म्हटलं, "मी विश्वास ठेवला, अप्पा." ते म्हणाले, "मी बी ठेवला. तुम्हा दोघांवर." आणि चालू लागले.

संध्याकाळी त्यांनी मला कागद घेऊन बसवलं. डेस्क आता रात्री घरात, आतल्या अंधाऱ्या खोलीत असायचं. अर्ज साहेबाच्या नावाचा होता. त्यांनी सांगितलं ते मी कानडीत उतरवत गेले. मी आपणांस भर कचेरीत खोटे म्हटले. आपण खोटे नव्हता. आपले रजिस्टर खरे होते. नोटीस माझ्या दारावर लागली होती, अमुक तारखेला, हे मी माझ्या डोळ्यांनी वाचले. माझी शपथ चुकीची होती. मी क्षमा मागतो. ह्या अर्जाला मुदत नाही, तरी उशीर झाला आहे.

मी विचारलं, "अण्णाचं नाव घालायचं?" ते म्हणाले, "नाव कशाला? साहेबाला काय करायचंय नावाशी." मग कागदावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. अप्पांना अर्ज अपुरा सोडायची सवय नव्हती. ज्याला ज्या प्रश्नाचं उत्तर लागेल ते अर्जात असलं पाहिजे. नोटीस लागली होती तर ती दिसली कशी नाही, हे साहेब विचारणारच.

"लिही," ते म्हणाले, आणि एकेक शब्द सावकाश सांगितला. "एकाने नोटीस काढून नेली. एकीने खळ धुतली. दोघेही माझ्याच घरचे."

माझं पेन थांबलं. मला म्हणायचं होतं, हे खरं नाही, आम्ही दोघं एका ओळीत बसणारे नाही. पण त्यातला कुठला शब्द खोटा आहे ते मला दाखवता येईना. अप्पा वाट बघत होते. मी ते वाक्य उतरवलं, नेहमीसारखं स्वच्छ अक्षरात, आणि त्यांच्यापुढे सहीसाठी ठेवलं. त्यांनी आधी तारीख बघितली, मग सही केली.